‘ल्युसिफर सॅम’: सिड बॅरेटच्या बोक्याचं गाणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या सुरुवातीच्या दिवसांतलं हे तीन मिनिटांचं गाणं एका सयामी बोक्यावर आहे. गेली पन्नासहून जास्त वर्षं त्यात सैतान, चेटकीण, गांजा आणि प्रेमाचा त्रिकोण शोधला जातोय. बोका मात्र पहिल्या ओळीतच समोर बसलेला आहे. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. गाणं वाजवू पाहणाऱ्यांचे तांत्रिक प्रश्न शेवटच्या भागात आहेत.

गाणं कोणाचं आणि कधीचं?

शब्द आणि चाल दोन्ही बँडचा तेव्हाचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याची. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ ऑगस्ट १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि त्याच्या पहिल्या बाजूवरचं हे दुसरं गाणं. लांबी ३ मिनिटं ७ सेकंद. गिटार आणि आवाज बॅरेटचा, बास रॉजर वॉटर्सचा, ऑर्गन रिचर्ड राइटचा, ड्रम निक मेसनचे. निर्माता नॉर्मन स्मिथ. बीटल्सच्या १९६५ पर्यंतच्या रेकॉर्डिंगचा ध्वनिमुद्रक हाच.

बँडचा नंतरचा प्रसिद्ध गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यात कुठेही नाही. तो १९६७ संपता संपता बँडमध्ये आला. आपल्याकडे बहुतेकांची पिंक फ्लॉइडशी ओळख ‘डार्क साइड ऑफ द मून’ किंवा ‘द वॉल’पासून होते, त्यामुळे हे गाणं पहिल्यांदा ऐकल्यावर “हा तोच बँड?” असं वाटणं अगदी साहजिक आहे. माणसं जवळपास तीच आहेत, पण गाणी लिहिणारा वेगळा आहे.

सॅम हे खरंच मांजर आहे की कुणा माणसाचं टोपणनाव?

मांजर. बॅरेटच्या घरी सयामी मांजर होतं आणि गाण्याची पहिलीच ओळ सॅम सयामी असल्याचं सांगते. तरीही शंका येते, कारण त्या काळच्या इंग्रजी बोलीत ‘कॅट’ म्हणजे जॅझच्या वर्तुळातला एखादा रुबाबदार गडी. बॅरेटने हा दुहेरी अर्थ मुद्दाम खेळवला आहे. तिसऱ्या कडव्यात तो सॅमला समुद्रावर पाठवतो आणि ‘हिप कॅट’ला ‘शिप्स कॅट’चं यमक जोडतो. त्यावरून कुणी म्हणतं, सॅम हा प्रेयसीभोवती घुटमळणारा प्रतिस्पर्धी. कुणी म्हणतं, अमली पदार्थ पुरवणारा माणूस.

आमचं मत विचाराल तर शेवटचं कडवं पुन्हा ऐका. रात्री दबकत फिरणं, वाळू उकरणं, जमिनीलगत दडून बसणं आणि त्या एका माणसाची चाहूल लागताच हजर होणं. वाळू उकरणारा प्रेमातला प्रतिस्पर्धी कुणी पाहिला आहे? घरात मांजर असलेल्याला ही ओळ ऐकताच मातीचा ट्रे आठवेल. पाळलेल्या जनावराचं इतकं नेमकं निरीक्षण रूपक म्हणून सुचत नाही, ते रोज बघून येतं.

मग ‘ल्युसिफर’ कशाला? गाणं सैतानपूजेचं आहे का?

नाही. काळ्या तोंडाच्या, निळ्या डोळ्यांच्या, रात्रभर हिंडणाऱ्या बोक्याला लाडाने सैतान म्हणणं यापलीकडे त्यात काही शोधू नये. आपल्याकडेही घरातल्या मांजराला ‘राक्षस’ किंवा ‘चोर’ म्हणतातच. हेवी मेटलवाल्या बँडांनी सैतानाचं जे दुकान मांडलं ते नंतरचं, आणि त्या चष्म्यातून १९६७ चं गाणं पाहिलं की गफलत होते.

मांजर आणि चेटूक यांचं नातं मात्र इंग्लंडात जुनं आहे, आणि बॅरेट ज्या केंब्रिजमध्ये जन्मला आणि वाढला त्या भागात तर फारच. मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा स्वयंघोषित ‘चेटकीण-शोधक’ १६४० च्या दशकात पूर्व इंग्लंडातल्या याच गावांमधून फिरत होता. चेटकिणींच्या दिमतीला प्राण्यांच्या रूपातली भुतं असतात अशी तेव्हाची समजूत. १६४७ च्या त्याच्या पुस्तिकेतल्या चित्रात अशा भुतांची नावंही दिली आहेत आणि त्यांतलं एक पांढऱ्या मांजरीच्या पिल्लाच्या रूपातलं आहे. चेटकिणीशेजारी मांजर हे चित्र इंग्रज मुलांच्या गोष्टींत इतकं मुरलेलं आहे की दुसऱ्या कडव्यातली बाई चेटकीण का, हे बॅरेटला कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं.

जेनिफर जेंटल कोण?

दुसऱ्या कडव्यात हे नाव येतं. तू चेटकीण आहेस, तू डावी बाजू, तो उजवी, असं तिला सांगितलं जातं. बॅरेटच्या चरित्रकारांचा कल असा की नावातला पहिला भाग त्याच्या त्या काळातल्या एका मैत्रिणीवरून आला. ते पटण्यासारखं आहे.

पण पूर्ण नावाची आणखी एक वाट आहे आणि ती आम्हाला जास्त रंजक वाटते. इंग्रजी लोकगीतांचा फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने केलेला जो प्रसिद्ध संग्रह आहे, त्यातलं पहिल्या क्रमांकाचं गीत कोड्यांचं आहे. तीन बहिणी, एक शूर सरदार, तो कोडी घालतो आणि धाकटी ती सोडवते. या गीताच्या काही पाठांत ‘जेनिफर, जेंटल आणि रोझमेरी’ असं पालुपद येतं. त्याच्याच दुसऱ्या काही पाठांत कोडी घालणारा सरदार नसतो, प्रत्यक्ष सैतान असतो! लहान मुलांची गाणी, परीकथा, लोकगीतं हा बॅरेटचा कच्चा माल होता. अल्बमचं नावसुद्धा त्याने केनेथ ग्रॅहमच्या १९०८ च्या ‘द विंड इन द विलोज’ या बालपुस्तकातल्या सातव्या प्रकरणावरून घेतलं. तेव्हा हे नाव त्याच्या कानावर त्या पालुपदातून आलं असावं, असं आम्हाला वाटतं.

इटलीतल्या पादुआ शहरातल्या एका सायकेडेलिक बँडने पुढे स्वतःचं नावच ‘जेनिफर जेंटल’ ठेवलं. इंटरनेटवर शोधताना आधी तेच समोर येतात आणि गोंधळ होतो.

गाण्याचं नाव आधी वेगळं होतं हे खरं का?

खरं. रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा त्याचं नाव ‘पर्सी द रॅट कॅचर’ होतं, म्हणजे उंदीर पकडणारा पर्सी. याच नावाभोवती अर्ध्या तासाचा एक चित्रपट करायचं घाटत होतं, तो झाला नाही. हे जुनं नाव लक्षात ठेवलं की तिसऱ्या कडव्यातलं जहाज परकं वाटत नाही. जहाजावर मांजर पाळायचं ते उंदरांसाठीच. ब्रिटिश नौदलात ही पद्धत विसाव्या शतकातही होती. ‘ॲमेथिस्ट’ या युद्धनौकेवरच्या सायमन नावाच्या बोक्याला तर १९४९ मध्ये प्राण्यांना मिळणारं डिकिन पदक मिळालं होतं. त्या पिढीच्या इंग्रज मुलाला जहाजावरचं मांजर ही ओळखीची गोष्ट होती.

पिंक आणि फ्लॉइड ही बॅरेटच्या मांजरांची नावं होती ना?

ही गोष्ट फार फिरते, पण बँडचं नाव मांजरांवरून आलेलं नाही. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल हे अमेरिकेतले दोन ब्लूज गायक. एका ब्लूज रेकॉर्डच्या वेष्टणावरच्या मजकुरात दोघांचा एकत्र उल्लेख होता, तिथून बॅरेटने नाव जुळवलं.

सयामी मांजरं खरंच इतकी विचित्र असतात का?

विचित्र नव्हे, पण इतर मांजरांपेक्षा जास्त माणसाळलेली आणि जास्त बडबडी. एकाच माणसाला चिकटून राहणं, त्याच्या मागे खोलीखोलीतून फिरणं आणि मोठ्या, खरखरीत आवाजात सतत काहीतरी ‘सांगत’ राहणं ही या जातीची ओळख. गाण्यातला सॅमही कायम कुणाच्या तरी शेजारी बसलेला आहे, आणि गाणारा त्याच्याकडे बघून म्हणतो की या बोक्याचं काही कळत नाही. मांजर दुसऱ्याच्या मांडीवर आणि आपण बाजूला, अशी ती अवस्था.

रंगाचं कारण शास्त्रीय आहे. या मांजरांच्या शरीरात रंगद्रव्य तयार करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेत नीट काम करत नाही. धड गरम असल्यामुळे ते फिकट राहतं. कान, नाक, पंजे आणि शेपूट थोडी थंड असल्यामुळे तिथे रंग गडद होतो. पिल्लं आईच्या पोटातल्या उबेतून येतात म्हणून जन्मतः जवळजवळ पांढरी असतात आणि काही आठवड्यांत त्यांच्या कडा काळवंडू लागतात. शस्त्रक्रियेसाठी पोटाचे केस काढले तर तिथे नवे केस काही काळ गडद येतात. पहिल्यांदा पाळणारे यानेच घाबरतात. तो आजार नसतो. जुन्या वाणांत डोळे किंचित तिरळे आणि शेपटीला गाठ असायची. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणी वेगळी असल्यामुळे तिरळेपणा येतो.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली भरलेल्या मांजरांच्या प्रदर्शनात सयामी मांजरं होती. १९६७ पर्यंत ती इंग्लंडात दुर्मीळ राहिली नव्हती, पण त्यांच्याभोवतीचं ‘पूर्वेकडचं गूढ’ हे वलय शिल्लक होतं. बॅरेट ते वलय वापरतो आणि त्याची थट्टाही करतो.

गाणं एलएसडीच्या अमलाखाली लिहिलेलं आहे का?

बॅरेट एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ घेत होता, हे कुणी लपवलेलं नाही. पण या गाण्याकडे पाहिलं तर ते अल्बममधल्या सर्वांत आटोपशीर गाण्यांपैकी एक आहे. रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) ठरलेली, कडवी ठरलेली, प्रत्येक कडव्याची अखेर त्याच एका ओळीवर. ज्याला सैलसर, भरकटणारं संगीत हवं आहे त्याने त्याच अल्बममधलं साडेनऊ मिनिटांहून लांब ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ऐकावं. दोन्ही एकाच माणसाच्या गिटारमधून निघालेली आहेत, यावरून काय ते समजावं.

बॅरेटची घसरण १९६७ च्या उत्तरार्धात उघड दिसू लागली आणि एप्रिल १९६८ मध्ये तो बँडमधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. ‘ल्युसिफर सॅम’चं रेकॉर्डिंग त्याच्या आधीचं, एप्रिल १९६७ मध्ये सुरू झालेलं. पुढची शोकांतिका मागे ओढून या गाण्यावर चिकटवणारे बरेच लेख आहेत. आम्हाला ते वाचवत नाहीत.

रेकॉर्डिंग कसं झालं?

लंडनच्या ॲबी रोडवर, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत, चार ट्रॅकच्या टेपवर. त्याच इमारतीत, त्याच वसंतात बीटल्स ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम पूर्ण करत होते. चारच ट्रॅक म्हणजे आधी ड्रम, बास, गिटार एकत्र वाजवून घ्यायचे, मग उरलेल्या जागेत आवाज, ऑर्गन आणि हातातली तालवाद्यं बसवायची. जागा संपली की चार ट्रॅक दुसऱ्या यंत्रावर मिसळून उतरवायचे, आणि एकदा मिसळलं की वेगळं करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा निर्णय तिथल्या तिथे.

आवाज दुहेरी वाटावा यासाठी ईएमआयच्या अभियंत्यांनी १९६६ मध्ये एक युक्ती तयार केली होती. आवाज दुसऱ्या टेपवरून काही मिलिसेकंद उशिरा आणि किंचित हलत्या वेगाने परत मिसळायचा. गायकाला तेच पुन्हा गाण्याचा त्रास नाही. बॅरेटला दोनदा अगदी तसंच गाणं जमत नसे, त्यामुळे या अल्बमवर ही युक्ती भरपूर कामाला आली.

गिटारचा तो ‘हेरपटातला’ आवाज कशाने येतो?

तीन गोष्टींनी, आणि महत्त्वाचा क्रम हाच.

पहिली, रिफ. खालच्या जाड तारांवर वाजवलेली, वरून खाली घसरत येणारी. १९६० च्या आसपासच्या हेरपटांचं आणि गुप्तहेर मालिकांचं पार्श्वसंगीत, शिवाय जाड तारांवर मुख्य धून वाजवणारे त्या काळचे अमेरिकन गिटारवादक यांच्याशी तिचं नातं सरळ आहे. गंमत अशी की दबक्या पावलांचं हे संगीत हेराच्या मागे न जाता मांजराच्या मागे जातं. गाण्यातला सगळा विनोद या एका निवडीत आहे. शब्द नंतर येतात.

दुसरी, गिटार. बॅरेटचं नेहमीचं वाद्य म्हणजे फेंडर एस्क्वायर. चंदेरी पत्र्यासारख्या आवरणावर गोल आरसे चिकटवलेलं, तेच फोटोंत दिसणारं. एस्क्वायरला एकच पिकअप (तारांची थरथर टिपणारा भाग) असतो आणि तोही ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, म्हणून आवाज धारदार.

तिसरी, बिनसन एकोरेक. मिलानमध्ये बनणारं हे प्रतिध्वनीचं यंत्र. बाकीच्या यंत्रांत टेप असायची, यात फिरतं धातूचं चक्र असतं आणि त्याच्या कडेवर चुंबकीय तार गुंडाळलेली. एक हेड (चुंबकीय टोक) आवाज नोंदवतं, पुढची चार हेड तो ठरावीक अंतराने परत वाचतात. अंतरं साधारण ७५, १५०, २२५ आणि ३०० मिलिसेकंद. बारा जागांचं बटण कोणती हेड चालू ठेवायची ते ठरवतं, आणि दुसरं तीन जागांचं बटण एकदाच प्रतिध्वनी, पुन्हा पुन्हा प्रतिध्वनी की सगळ्यांचा मिळून घुमारा, हे ठरवतं.

मूळ एकोरेक परवडत नाही. पेडलवर तो आवाज कसा लावायचा?

एकोरेकची नक्कल करणारे पेडल मिळतात, पण साध्या डिले (प्रतिध्वनी देणाऱ्या) पेडलवरही बरंच जमतं. पिकअप ब्रिजचा. ॲम्प जेमतेम फाटायला लागेल इतपत. डिस्टॉर्शन पेडल बंद. डिलेची वेळ ३०० मिलिसेकंद, पुनरावृत्ती दोन किंवा तीन, मिश्रण साधारण ३० टक्के. पेडलमध्ये दुसरा टॅप, म्हणजे वेगळ्या अंतराचा प्रतिध्वनी, असेल तर तो तीन चतुर्थांशावर, म्हणजे २२५ वर लावा. दोन असमान ठोके एकमेकांत गुंतले की एकोरेकची चाल आलीच. प्रतिध्वनीतला वरचा भाग, म्हणजे ट्रेबल, थोडा कमी करा. डिजिटल डिलेचा प्रतिध्वनी मूळ स्वराइतकाच स्वच्छ असतो आणि तिथेच सोंग उघडं पडतं.

कॉम्प्युटरवर करत असाल तर डिलेच्या वेळेत अगदी थोडी थरथर घाला. मूळ यंत्रातलं चक्र रबरी चाकाच्या घर्षणाने फिरतं, ते कधीच पूर्ण स्थिर नसतं.

सगळं तसंच लावलं, तरी आवाज चिखल का होतो?

बहुतेक वेळा पुनरावृत्ती जास्त ठेवलेली असते. रिफचे स्वर भराभर येतात. चौथा-पाचवा प्रतिध्वनी पुढच्या उतरणीवर पडला की उतरतानाचे जवळजवळचे स्वर एकमेकांवर चढतात आणि कर्कश होतात. पुनरावृत्ती आधी शून्यावर आणा आणि मग वाढवत न्या.

दुसरं कारण उजवा हात. तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर अलगद टेकवून, सगळे फटके खालच्या दिशेने मारा. वर-खाली मारले तर चाल गुळगुळीत होते आणि मांजर घसरतं.

तिसरं, डिलेला ताल शिकवायचा प्रयत्न. आजच्या पेडलवर पायाने ताल ठोकून वेळ जुळवता येते, एकोरेकवर ती सोय नव्हती. प्रतिध्वनी तालाच्या थोडा अलीकडे-पलीकडे पडतो, आणि त्या अस्वस्थपणामुळेच गाणं हलतं राहतं. अचूक जुळवलेला डिले इथे निर्जीव वाटतो.

बासवाल्याने मात्र प्रतिध्वनीच्या नादी लागू नये. बास कोरडा, गिटारच्या रिफला चिकटून. ऑर्गन कडव्यांखाली धरून ठेवायचा, रिफशी भांडायचा नाही.

जुनं एकोरेक हाती लागलं तर काय तपासावं?

युरोपातलं २२० व्होल्टचं यंत्र असेल तर भारतात वेगाचा प्रश्न येत नाही, कारण मोटरचा वेग विजेच्या आवर्तनावर ठरतो आणि दोन्हीकडे ५० हर्ट्झ आहे. अमेरिकेतलं ६० हर्ट्झचं यंत्र नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर लावलं तर चक्र हळू फिरतं आणि सगळे प्रतिध्वनी लांबतात. व्होल्टेज बदलून आवर्तन बदलत नाही, हे विकणारा सांगेलच असं नाही.

मग रबरी चाक पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेल्या यंत्रात ते कडक होतं किंवा एकाच जागी चपटं होतं, आणि प्रतिध्वनी लाटेसारखा वरखाली होतो. चाक बदलता येतं. चक्रावरच्या तारेला ओरखडे असतील तर प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी टक असा आवाज येतो. ते महागाचं काम आहे, भाव त्या हिशेबाने करा. हेड चक्राला घासत नाहीत ना, हेही बघा. ती अगदी जवळ पण न टेकता बसवायची असतात आणि हौशी मेकॅनिक नेमकी तीच आधी फिरवतात. व्हॉल्व्ह मात्र बहुतेक ईसीसी८३ जातीचे असतात, ते सहज मिळतात. आतल्या कपॅसिटरमध्ये यंत्र बंद केल्यावरही विजेचा धोकादायक दाब राहतो, म्हणून माहिती नसेल तर झाकण उघडू नये.

मोनो ऐकावं की स्टिरिओ?

मोनो. १९६७ मध्ये इंग्लंडात बहुतेक घरी मोनो रेकॉर्ड प्लेअरच होते, बँडनेही लक्ष घातलं ते मोनो मिश्रणात. मोनोत रिफ आणि ड्रम एकाच ठोशासारखे येतात. हेडफोनवर स्टिरिओ ऐकलं तर वाद्यं दोन कानांत वाटली जातात. एखादं वाद्य वेगळं काढून शिकण्यासाठी हे फार सोयीचं, एरवी गाण्याची पकड ढिली होते.

दोन्ही हवी असतील तर २००७ मध्ये निघालेली चाळीस वर्षांची विशेष आवृत्ती पाहा, तिच्यात दोन्ही मिश्रणं स्वतंत्र सीडींवर आहेत. मोनोची विनाइल आवृत्ती २०१८ मध्ये पुन्हा निघाली.

जुनी रेकॉर्ड विकत घेताना फसगत कुठे होते?

सर्वांत जास्त अमेरिकन आवृत्तीत. तिथे टॉवर कंपनीने ऑक्टोबर १९६७ मध्ये गाण्यांचा क्रम बदलून, तीन गाणी गाळून आणि ‘सी एमिली प्ले’ घालून अल्बम काढला. ‘ल्युसिफर सॅम’ त्यात आहे, पण दुसऱ्या नव्हे, चौथ्या जागेवर. ब्रिटिश मूळ रेकॉर्ड कोलंबिया लेबलची. मोनोचा क्रमांक एसएक्स ६१५७, स्टिरिओचा एससीएक्स ६१५७. तोच क्रमांक नंतरच्या छपायांवरही असतो, म्हणून नुसता क्रमांक पाहून पैसे मोजू नका. पहिल्या छपाईचं लेबल निळं-काळं आहे, १९६९ नंतरचं काळं-चंदेरी. १९७३ मध्ये पहिले दोन अल्बम ‘अ नाइस पेअर’ या नावाने एकत्र निघाले. मिश्रणांची तुलना करायची नसेल तर स्वस्तात ऐकायला तेही चालतं.

मुखपृष्ठावरचा चौघांचा विभागलेला, एकमेकांवर चढलेला फोटो विक सिंग या छायाचित्रकाराचा. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने त्याला दिलेलं लोलकाचं भिंग वापरून तो काढला आहे. फोटो धुताना डार्करूममध्ये केलेली करामत नाही.

बँडच्या गाण्यांत आणखी कुठे पाळीव प्राणी आहेत?

त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात जेराल्ड नावाचा एक उंदीर आहे, बिनघरचा. सॅमच्या सोबतीला तो ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. १९७१ च्या ‘मेडल’ या अल्बमवर ‘शेमस’ नावाच्या कुत्र्याचं रडणं ब्लूजवर चढवलेलं आहे. कुत्रा हंबल पाय या बँडच्या स्टीव्ह मॅरियटचा. बँडच्या पॉम्पेईतल्या वादनाच्या चित्रपटात त्याच गाण्यासाठी दुसरीच कुत्री आणली आणि गाण्याला तिचं नाव दिलं. ‘शेमस’ ही एक गंमत म्हणून ठीक आहे, दुसऱ्यांदा ऐकवत नाही. ‘ल्युसिफर सॅम’मध्ये मांजराचा आवाज एकदाही नाही, आणि तेच त्याचं बलस्थान.

आज हे गाणं कुणी रंगमंचावर वाजवतं का?

निक मेसन. २०१८ मध्ये त्याने ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हा बँड फक्त सुरुवातीच्या काळातली गाणी वाजवण्यासाठी काढला, आणि त्यांच्या २०२० मध्ये आलेल्या, लंडनच्या राउंडहाउस सभागृहातल्या ध्वनिमुद्रणात हे गाणं आहे. वेग, वजन, प्रतिध्वनी समजून घ्यायला ते उत्तम, कारण ड्रमवर मूळचाच माणूस आहे.

आमच्या बँडला हे वाजवायचं आहे, मराठी शब्द घालून. परवानगी लागते का?

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्या की अडचण येते.

जाहीर कार्यक्रमात मूळ गाणं वाजवायचं तर सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना लागतो. भारतात शब्द-संगीताच्या बाजूने तो आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते, कचेरी मुंबईत. परवाना सहसा आयोजक किंवा सभागृह काढतं. आधी त्यांना विचारा, दोनदा पैसे भरू नका.

मूळ शब्दांसह स्वतः रेकॉर्ड करून विकायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी स्वतंत्र कलम आहे. पहिलं रेकॉर्डिंग झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं झालेली असली पाहिजेत, मालकाला आधी सूचना द्यावी लागते आणि रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, तीही दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने. छोट्या बँडला हे झेपत नाही, म्हणून बहुतेक जण थेट प्रकाशकाशी बोलून परवाना घेतात.

मराठी शब्द घालणं हे भाषांतर किंवा रूपांतर आहे. त्याला कव्हरचं कलम लागू होत नाही, प्रकाशकाची लेखी परवानगीच हवी. बॅरेट ७ जुलै २००६ ला वारला. भारतीय कायद्यात हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे २०६६ च्या अखेरपर्यंत. ब्रिटनमध्ये सत्तर, म्हणजे २०७६. तोवर चाल उसनी घेण्यापेक्षा आपल्याच घरच्या बोक्यावर नवी चाल बांधणं स्वस्त पडेल.